झाडाच्या वाटचं पाणी

टेलरबाईंच्या घरात झाड आलं ते त्यांच्या मनाविरुद्धच आलं. मुळात त्यांना हिरव्या गोष्टींची हौस नव्हती. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक खोली शिलाई मशीनने आणि दुरुस्तीला आलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांनी अडवलेली. खिडकी एकच, आणि तिचा उजेड बाईंना सुईत दोरा ओवायला लागायचा. नेमक्या त्याच खिडकीत लेकीने एके दिवशी कुंडी आणून ठेवली. कुंडीत काय, तर फुगलेल्या वरवंट्यासारखं एक खोड आणि त्याच्या टाळक्यावर चार पानं.

"हे झाड आहे की गळू?" बाईंनी विचारलं.

लेक हसली. "आई, वाळवंटातलं आहे ते, लांबच्या देशातलं. सगळं पाणी त्या बुंध्यात साठवून ठेवतं. महिना महिना विसरलीस तरी कुरकुर करणार नाही. उलट लाडाने पाणी घालत बसलीस तर सडून जाईल. अधूनमधून बुंधा अंगठ्याने दाबून बघायचा. टणक लागला की पोट भरलेलं, मऊ पडला की काहीतरी बिनसलं."

अंगठ्याने दाबून बघायचं म्हटल्यावर बाईंची नजर पलंगाकडे गेली. कारण त्या घरात रोज सकाळी हेच काम आधीपासून चालू होतं. नवरा उठून पलंगावर पाय सोडून बसला की बाई त्याच्या घोट्यावर अंगठा दाबायच्या आणि उचलायच्या. कातडी लगेच वर आली तर दिवस बरा. खळगा तसाच राहिला तर पायात पाणी उतरलंय.

नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. ते नळाची कामं करायचे. उभी हयात त्यांनी लोकांचे नळ, टाक्या आणि पाइप दुरुस्त करण्यात घालवली. कुणाच्या भिंतीला ओल आली की मिस्त्री पिशवी घेऊन जायचे, आधी भिंतीला कान लावायचे, बराच वेळ डोळे मिटून उभे राहायचे आणि मगच छिन्नी काढायचे. घरमालक म्हणायचे, काय हो, भिंतीशी गप्पा मारताय का? मिस्त्री म्हणायचे, गप्पा ती मारते, मी ऐकतो.

आणि देवाची मस्करी बघा, दुखणं यावं तर त्यांना हेच यावं! दोन्ही मूत्रपिंडं बसली. ठरलेल्या वारी दवाखान्यात जायचं, हात मशीनला जोडून रक्त धुऊन घ्यायचं आणि मधल्या दिवसांत पाणी मोजून प्यायचं. एक लहान बाटली, तीच दिवसभर पुरवायची. चहा त्यातच धरायचा, गोळीबरोबरचा घोटही त्यातच. प्यायलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. जास्त झालं की ते पायात उतरायचं आणि पायातून छातीत चढायचं.

"वरची लाइन चालू, खालची तुंबलेली," मिस्त्री आल्यागेल्याला सांगायचे. "आयुष्यभर लोकांची गळती थांबवली. आता वाटतं, कुणीतरी मलाच एक भोक पाडून द्यावं." ऐकणारा हसायचा. बाईंना मात्र हसू यायचं नाही, कारण बाटली भरायची त्यांना होती.

रोज सकाळी बाटली भरायची आणि टेबलावर ठेवायची. बाकीचं पाणी स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघराच्या दाराला कडी. बाई कपडे पोचवायला गेल्या तर कडीला कुलूप, बाथरूमच्या दारालाही. मिस्त्रींनी त्यांचं नाव हवालदार ठेवलं होतं. "हवालदार, आज एक घोट वाढवून द्या की, वागणूक चांगली आहे आमची." बाई मान हलवायच्या, संपलं. पूर्वी ही बाई अशी नव्हती हो. लग्न झालं तेव्हा नवऱ्याच्या ताटात पोळी वाढताना तिचा हात थांबत नसे. आता तोच हात दिवसभर आवळलेला असायचा आणि तिला तो सोडता येत नव्हता.

एक मागणं मिस्त्री नेहमी करायचे. "एकदा काठोकाठ भरलेला ग्लास दे गं. सांडेल इतका भरलेला."

"बरे झालात की देते," बाई म्हणायच्या.

हे दुखणं बरं होणारं नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी तो मागायचा आणि ती असं सांगायची, आणि त्यात दोघांनाही थोडं बरं वाटायचं. बाई स्वतः त्यांच्यासमोर पाणी पीत नसत. घसा कोरडा पडला की उठून बाथरूममध्ये जायचं, दार लोटायचं, नळ अगदी बारीक सोडायचा, ओंजळीने दोन घोट प्यायचे आणि तोंड पुसून बाहेर यायचं. त्यांना वाटायचं, मिस्त्रींना हे कळत नाही.

झाडाकडे मिस्त्रींनी आधी ढुंकूनही बघितलं नाही. मग दिवसभर घरात बसून करायचं काय, म्हणून बघायला लागले. कुंडी थोडी ग्रिलकडे सरकवली. पानांवरची धूळ बाईंच्या चिंध्यांनी पुसायला लागले. "बघ, ही खरी टाकी," ते म्हणाले. "गळत नाही, वाजत नाही, वॉशर बदलायला नको." त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी कामाचं तेज दिसलं. बाईंना फार बरं वाटलं. त्या बाजारातून लहानशी झारी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हे झाड तुमचं, मी हात लावणार नाही.

सुरुवातीला झारी क्वचितच भरली जायची. मग एकदा मिस्त्री म्हणाले, "ऊन बघ केवढं आहे. तहान लागलीय त्याला."

"लेक तर म्हणाली, कमी घाला."

"लेकीने दुकानदाराचं ऐकलं आणि तुला सांगितलं. मी पाण्यात जन्म काढलाय."

बाईंनी झारी भरून दिली. पुढच्या दिवशी परत तेच. "आज त्याचा जीव कासावीस झालाय," मिस्त्री म्हणायचे, किंवा "पानं बघ कशी मलूल पडलीत." आणि बाई मशीनवरून उठून, कडी काढून झारी काठोकाठ भरून आणायच्या. लेकीचं सांगणं त्यांच्या लक्षात होतं, विसरल्या नव्हत्या. पण एक सांगू का, तेवढ्या एका कामात त्यांचा हात सैल व्हायचा. नवऱ्याला नाही म्हणून म्हणून ही बाई थकली होती. झाडाला तरी मनासारखं देऊ दे, तेवढंच समाधान त्यांना, असं त्या मनाशी म्हणायच्या. झारी देऊन परत मशीनवर बसायच्या, मिस्त्रींकडे पाठ करून, कारण उजेड डाव्या हाताकडून यावा लागतो.

थंडी पडली आणि झाडाची पानं गळाली. बाई घाबरल्या. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, थंडीत झोपतं ते, काळजी नको. मिस्त्री म्हणाले, "बघ, उगाच घाबरलीस." पण झारी बंद झाली नाही. झोपलेल्यालाही तहान लागते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

त्याच सुमाराला दवाखान्यात वजनाचा काटा बोलायला लागला. मशीनवर घेण्याआधी वजन करतात. दोन खेपांच्या मध्ये अंगात किती पाणी साठलं ते त्यावरून कळतं. दर खेपेला काटा जास्तच. नर्सने आधी समजावलं, मग डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेतलं. "कुठेतरी पाणी मुरतंय, बाई. असंच चाललं तर एक दिवस छातीत भरेल आणि गाडी करायलाही वेळ मिळणार नाही."

बाई घरी आल्या त्या पेटूनच. बाटली तर त्या स्वतः भरत होत्या, कुलूप त्यांच्याच हातचं. मग देतंय कोण? बाई कपडे पोचवायला गेल्या की शेजारीण मिस्त्रींजवळ येऊन बसायची. बिचारी भली बाई, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही तिला. पण टेलरबाईंनी तिला जिन्यातच गाठलं. "माझ्या माणसाला चहा पाजून मारायचंय का तुला?"

"एक थेंब दिला असेल तर जीभ झडो माझी," शेजारीण म्हणाली. "आणि पुन्हा तुझ्या दारात पाऊल टाकलं तर नाव बदल माझं."

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. शेजारणीचं येणं बंद झालं, मिस्त्रींच्या गप्पा बंद झाल्या आणि वजन वाढतच राहिलं. मिस्त्री एवढंच म्हणाले, "तिला उगाच बोललीस." आणि खिडकीकडे बघत राहिले.

आणि एका सकाळी, बाई हेम घालत बसल्या असताना मागून आवाज आला. वळून बघतात तर मिस्त्री पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून वाकलेले, तोंड उघडं, छातीत भाता चालावा तसा घरघर आवाज. ओठ निळे पडायला लागले होते. बाईंनी जिन्यात धावत जाऊन हाका मारल्या. सगळ्यात आधी धावली ती शेजारीणच. तिनेच गाडी थांबवली, तिनेच मिस्त्रींचे पाय धरून त्यांना खाली उतरवलं. वार नसताना मशीन लावावं लागलं. काचेच्या दाराबाहेर बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात हेम घालायची सुई तशीच होती, दोऱ्यासकट.

मिस्त्री त्या खेपेला वाचले. घरी आणलं. खबर लागताच लेक आली. वडिलांना भेटली, उशी सारखी केली आणि सहज म्हणून खिडकीपाशी गेली. थंडी केव्हाच सरली होती. समोरच्या घरांच्या गच्च्यांवर सगळं हिरवं झालं होतं आणि हिने आणलेलं झाड मात्र बोडकंच्या बोडकं.

"आई, याला पाणी कधी घातलं होतं?"

"रोज घालतात की तुझे बाबा. झारीभर. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीही घातलं."

"रोज? झारीभर?"

लेकीने बुंधा दाबला. अंगठा आत गेला. कातडी सुरकुतली आणि खळगा तसाच राहिला. तिने कुंडी तिरकी केली तर सगळी माती ढेपेसारखी सुटून बाहेर आली, खडखडीत कोरडी. तिने ती हातात कुस्करली आणि तिचा भुगा जमिनीवर पडला.

"आई," लेक हळू आवाजात म्हणाली, "रोज पाणी पडलं असतं तर हे केव्हाच सडलं असतं. हे तर उपाशी आहे. याला महिनोन्‌महिने कुणी थेंब दिलेला नाही."

बाईंनी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री छताकडे बघत होते. लेक शहाणी. दूध संपलंय वाटतं, घेऊन येते, असं म्हणून ती चपला घालून बाहेर पडली.

"झाडाच्या तोंडचं काढून प्यायलात?" बाईंचा आवाज चढला. "माझ्या हाताने भरून दिलं मी! झाडाला म्हणून दिलं! त्या दिवशी तुम्ही गेला असतात, तर कोणी मारलं असतं तुम्हाला? मी! या हातांनी! कळतंय का तुम्हाला? आणि त्या बिचारीला मी जिन्यात नाही नाही ते बोलले!"

"तहान लागते गं," मिस्त्री म्हणाले.

बस, एवढंच. ना सबब, ना थट्टा.

मग मिस्त्रीच पुढे म्हणाले, "तू बाथरूममध्ये जाऊन पितेस. नळ बारीक सोडतेस. पाइपला सुद्धा आवाज असतो, बाई. मला वरच्या मजल्यावरचा नळ इथे पडून कळतो, तुझा कळणार नाही? तू चोरून पितेस म्हणून मग मलाही चोरून प्यावंसं वाटतं. समोर बसून पी. मला नको देऊस. पण पिताना मला बघू तरी दे."

टेलरबाई मशीनच्या स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. या दुखण्यात त्या पहिल्यांदाच नवऱ्यासमोर रडत होत्या. दवाखान्यात रडल्या नव्हत्या, कुलूप लावताना रडल्या नव्हत्या. मिस्त्रींनी त्यांना रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शेजारणीचं दार वाजवलं आणि उंबऱ्यातच हात जोडले. "माझं चुकलं."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," शेजारीण म्हणाली. "आधी आपल्या घरात बघायचं असतं. ये आत." आणि तिने चहा ठेवला. बाईंनी तो घरी नेला आणि मिस्त्रींसमोर बसून प्यायल्या. मिस्त्री बघत होते. "साखर कमी वाटते," ते म्हणाले. बाई हसल्या.

त्यानंतर त्या घरात पद्धत बदलली. बाटली तेवढीच राहिली, पण कडी-कुलूप गेलं. बाईंनी दोन लहान ग्लास आणले, औषधाच्या मापापेक्षा थोडे मोठे. मिस्त्रींना प्यायचं असलं की बाई काम थांबवून समोर बसायच्या आणि दोघं बरोबर प्यायचे, सावकाश, पाणी तोंडात घोळवत. सकाळी आधी घोट्यावर अंगठा, मग बुंध्यावर अंगठा. लेकीने नव्या भुसभुशीत मातीत झाड लावून दिलं होतं. पाणी द्यायचा दिवस आला की झारी मिस्त्रींच्याच हातात, बाई शेजारी उभ्या. मिस्त्री मातीत बोट खुपसून बघायचे, बुंध्याभोवती गोल पाणी सोडायचे आणि माती ते शोषून घेताना कान लावून ऐकायचे. "पितंय," ते म्हणायचे. त्या पाण्यातला एक थेंबही त्यांनी पुन्हा तोंडाला लावला नाही. आपण उपाशी ठेवलं तरी याने तोंडातून ब्र काढला नाही, आपली चोरी पोटात घातली, हे त्यांना फार लागलं होतं.

बुंधा भरायला वेळ लागला. आधी सुरकुत्या गेल्या, मग अंगठ्याला जोर लागायला लागला, मग एके दिवशी टाळक्यावर मोहरीएवढं हिरवं दिसलं. मिस्त्रींनी हाक मारून बाईंना मशीनवरून उठवलं. पुढच्या उन्हाळ्यात तर त्याने इतकी पानं काढली की बाई म्हणाल्या, माझा उजेड अडवतंय. पण कुंडी कुणी हलवली नाही. बाईंनी मशीनच फिरवून घेतलं.

असे दिवस बरेच गेले, आणि बरे गेले. मग मिस्त्रींचं हृदय थकलं. मशीन लावलं की रक्तदाब कोसळायचा, डोळे पांढरे व्हायचे आणि अर्ध्यात सुया काढाव्या लागायच्या. असं पुन्हा पुन्हा झालं. एका दुपारी डॉक्टरांनी बाईंना आणि लेकीला खुर्चीवर बसवलं. त्यांनी बसायला सांगितलं तेव्हाच बाईंना कळलं. "आता मशीन झेपणार नाही त्यांना," डॉक्टर म्हणाले. "घरी घेऊन जा. त्रास होऊ नये म्हणून औषध देतो. आणि पाण्याचं बंधन आता नाही. त्यांना हवं ते, हवं तेवढं द्या."

इतकी वर्षं बाईंनी ज्या वाक्यासाठी कान टवकारले होते, ते वाक्य हे असं आलं.

घरी आल्यावर मिस्त्रींना खिडकीजवळ टेकून बसवलं. संध्याकाळचं ऊन झाडावर होतं. बाई स्वयंपाकघरात गेल्या. फळीवरचा मोठा ग्लास काढला, तो इतके दिवस न वापरल्यामुळे धुऊन घ्यावा लागला. काठोकाठ भरला. पाणी कडेच्या वर आलं तरी सांडेना, इतका भरला. दोन्ही हातांत धरून, एकेक पाऊल टाकत, त्या बाहेर आल्या. तरी उंबऱ्याशी थोडं सांडलंच.

"घ्या," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी ग्लासाकडे बघितलं. मग बाईंच्या चेहऱ्याकडे. त्यांनी हात पुढे केला नाही.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"पाणी द्या म्हणाले."

"हवं तेवढं?"

बाईंनी मान डोलावली.

मिस्त्री त्या पाण्याकडे बघत राहिले. खाली कुणीतरी नळ सोडला असावा, कारण त्यांची मान किंचित तिकडे वळली आणि परत आली.

"अर्धा कर," ते म्हणाले.

"का हो? इतकी वर्षं मागत होतात ना?"

"मागत होतो. आता भरलेला बघून भीती वाटते गं. तू मोजून देत होतीस तोवर मी जगणार होतो. हवालदारच राहा तू. अर्धा तू पी. इथे बस, समोर."

बाई बसल्या. दोन्ही हातांनी ग्लास तोंडाला लावला आणि त्यांच्या देखत प्यायल्या, गटागटा, आवाज करत, मध्येच हुंदका येऊन ठसका लागला तरी थांबल्या नाहीत, कारण ते डोळे मिटून ऐकत होते. अर्धा झाल्यावर त्यांनी ग्लास मिस्त्रींच्या ओठांना लावला. मिस्त्रींनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, मग आणखी एक. मग मान बाजूला केली.

"पुरे. बाकीचं उद्याला ठेव."

बाईंची नजर नकळत कुंडीकडे गेली. ती मिस्त्रींनी बरोबर पकडली.

"त्याला नको घालूस हं," ते म्हणाले. "परवाच घातलंय. सडेल ते."

बाईंनी उरलेल्या पाण्यावर बशी झाकली आणि ग्लास टेबलावर ठेवला, बाटलीच्या शेजारी, उद्यासाठी.